पाहुण्यांना वाटेला लावणारी बाई

इत्रिया माकालूसोच्या घरी उतरलेल्या पाहुण्याला पहिल्या सकाळी कॉफीबरोबर निकालही मिळतो. इथं शहरात राहा, नाहीतर वर डोंगरात जा. तिसरा पर्याय नाही आणि वाद घालायची सोय तर मुळीच नाही.

पालेर्मोत बाल्लारोच्या बाजारावर तिचं घर आहे. खाली मासळी, लिंबं, तळणीची कढई आणि अखंड बोंबाबोंब. वर तिच्या भाड्यानं द्यायच्या खोल्या. पाहुणा संध्याकाळी दमूनभागून येतो, झोपतो. उजाडायच्या आत नीनो मासेवाला खाली गळा मोकळा करतो. तलवार-मासा विकताना तो अशी आरोळी ठोकतो की वाटावं, मासा जिवंत होऊन पळालाय आणि सगळ्या गल्लीनं मिळून त्याला धरायचंय. मग न्याहारीला पाहुणा बाहेर येतो. "हा माणूस थांबतो कधी?" असं त्यानं विचारलं, की इत्रिया मनाशी ठरवते, याला वर पाठवायचा. "काय ओरडत होता हो तो?" असं विचारलं, तर त्याच्या पुढ्यात आणखी एक गोड पाव पडतो. हा आपला. याला इथंच ठेवायचा.

वर म्हणजे मोन्तेरूताला. मादोनिए डोंगरांच्या खांद्यावरचं गाव, इत्रियाचं माहेर. तिथं तिची थोरली बहीण एन्सा राहते आणि वरच्या मजल्यावरची खोली पाहुण्यांना देते.

समोरच्या बाल्कनीतली जेर्लांदा कपडे वाळत घालता घालता इत्रियाला टोमणे मारते. "अगं, हे घर आहे की दवाखाना? गिऱ्हाईक आलं की नाडी बघतेस आणि दुसरीकडे धाडतेस!"

"चुकीच्या जागी पडलेला पाहुणा परत गेला की गावभर सांगत सुटतो," इत्रिया म्हणते. "बदनाम मी होते. नीनो होत नाही."

"आणि खोली रिकामी पडते ती?"

"पडू दे. खोलीला काही भूक लागत नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. कित्येकदा ऐन हंगामात तिनं चांगल्या चार रात्रींचा पाहुणा स्वतः बसथांब्यावर नेऊन सोडलाय. त्याची बॅग स्वतः उचलून. आणि उलटही केलंय. एका जर्मन प्राध्यापकानं महिनाभरासाठी एन्साची खोली मागितली होती, शांततेत पुस्तक लिहायला. इत्रियानं त्याला न्याहारीला नीट पाहिलं. गृहस्थ वेटरशी बोलावं तसं मांजराशी बोलत होता. माणसांशिवाय याचं पान हलायचं नाही, हे तिनं ओळखलं आणि बहिणीचं महिन्याचं भाडं बुडवून त्याला बाजारावरच्या खोलीत ठेवून घेतला. एन्सा आठवडाभर बोलली नाही. पुस्तक मात्र झालं म्हणतात.

लोक विचारायचेच, "गाव एवढं चांगलं, तर तुम्ही का नाही राहत तिथं?"

"माझं विचारू नका," ती म्हणायची. "खिडकीखाली कुणी भांडताना ऐकू आलं नाही, तर मला वाटतं जग मेलं. लग्न होऊन जी खाली आले, ती पुन्हा एक रात्र वर झोपलेली नाही. सकाळच्या बसनं जाते, संध्याकाळच्या बसनं येते. मी कुठली आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्याचं कळतं."

त्या वर्षी एन्साचा डोळा गेला. एक आधीच अधू होता, दुसऱ्यावर पडदा आला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी एन्सानं संत जोसेफला नवस बोलला. सुईत पुन्हा दोरा ओवता आला, तर तुझ्या सणाला तुझं ताट मांडीन. डोळा आला. पट्टी निघाली त्या संध्याकाळी एन्सानं फोनवर सांगितलं, "ओवला गं. पहिल्या झटक्यात."

म्हणजे आता नवस फेडणं आलं.

संत जोसेफचं ताट म्हणजे एक ताट नव्हे, अख्खं टेबल. भिंतीपासून भिंतीपर्यंत. मांस नाही, चीज नाही, पण बाकी जे उगवतं ते सगळं. आणि त्या टेबलावर सगळ्यांत आधी तिघं बसतात: एक म्हातारा, एक तरुण बाई आणि एक लेकरू. जोसेफ, मारिया आणि येशू. त्यांना त्या दिवसापुरतं 'संत' म्हणतात. ती घरची माणसं चालत नाहीत. परकी हवीत, दारोदार फिरणारी. त्यांनी घास घेतल्याशिवाय गावातलं कुणी तोंडात काही टाकत नाही.

मोन्तेरूतात म्हाताऱ्यांना तोटा नव्हता. तरुण बाई एखादी शेजारच्या गावातून उसनी आणता आली असती. पण लेकरू? शेवटची दोन पोरं नाताळ झाल्यावर आईबापांबरोबर जर्मनीला गेली होती. शाळेला कुलूप होतं. शेजारच्या गावांत ज्याच्या त्याच्या नवसाची गडबड. कोण आपला येशू दुसऱ्याला देणार?

एन्साचा रोज फोन. "मिळालं का?"

"एन्सा, मी खोल्या देते. पोरं देत नाही."

"ताट मोडलं तर डोळा परत जाईल, इत्रिया. तुला पटत नाही, ठाऊक आहे मला. पण मला आता अंधारात बसायची हिंमत नाही."

इत्रियाला नवसाबिवसांचं काही नव्हतं. पण ते 'हिंमत नाही' तिच्या काळजाला लागलं. एन्सा असं कधी बोललेली नव्हती. नवस तिचा, डोळा तिचा. पण बहीण तर माझी ना, असं म्हणून ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या मागे पोर आहे का ते बघू लागली.

सण दोन दिवसांवर आला आणि पार उत्तरेकडच्या तोरिनोहून तिघं उतरली. एदोआर्दो, निवृत्त ट्रामचालक, मिशाळ, आवाज घंटेसारखा. त्याची मुलगी नोएमी, शाळेत शिकवायची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आणि नोएमीची मुलगी बीचे, सात वर्षांची, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले.

सकाळी नोएमी न्याहारीला आली ती कानातले कापसाचे बोळे काढत. "हा माणूस थांबतो कधी?"

पाठोपाठ एदोआर्दो आला. त्यानं काही विचारलंच नाही. तो बाल्कनीत गेला, दोन्ही हात कठड्यावर टेकवले आणि नीनोची आरोळी जशीच्या तशी परत मारली. खालून नीनोनं वर पाहून टोपी काढली.

इत्रिया हसली. निकाल सरळ होता: लेक वर, बाप इथं. आणि मग कॉफी ओतता ओतता तिचा हात थांबला. एक म्हातारा. एक तरुण बाई. एक लेकरू.

कपडे वाळत घालणाऱ्या जेर्लांदाच्या ध्यानात ते तिच्याही आधी आलेलं असावं. कारण थोड्याच वेळात ती बाल्कनीतून कुजबुजली, म्हणजे तिच्या मानानं कुजबुजली, "अगं, देवानंच धाडलेत! सांग त्या म्हाताऱ्याला, वर मोठी जत्रा भरते म्हणून. बँड असतो म्हणावं. नाचतात म्हणावं."

"बँडवाले सगळे मेले."

"त्याला काय कळतंय? पोचल्यावर कळेल!"

"खोटं बोलून फेडलेला नवस फिटत नाही, जेर्लांदा. वर व्याज चढतं."

"तुझा तर विश्वास नाही नवसावर."

"माझा पाहुण्यांवर आहे," इत्रिया म्हणाली आणि आत आली.

खुर्ची ओढून ती तिघांसमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. बहिणीचा डोळा, नवस, टेबल, तीन संत. मग एदोआर्दोकडे वळून म्हणाली, "तुम्हाला वर पाठवणं माझ्या नियमात बसत नाही. तुम्ही शहरी जीव. तिथं चढ आहे, थंडी आहे, संडास खालच्या मजल्यावर. मोबाइल लागत नाही. जेवण झालं की गाव झोपतं आणि मग घड्याळाच्या काट्याचासुद्धा आवाज येतो. दुपारपर्यंत तुम्ही वेडे व्हाल. हे सगळं ठाऊक असूनही विचारते, याल का? मला गरज आहे."

एदोआर्दोनं मिशीवरून हात फिरवला. "बाई, तुम्ही माणसं पटवायला बसलात की घाबरवायला?"

"पप्पा, जाऊ या ना," नोएमी म्हणाली. "मला एक रात्र झोप हवीय. एकच."

"तुला शांतता हवी. मला तिची ॲलर्जी आहे. एवढं आयुष्य ट्रामच्या खडखडाटात गेलं. शांत झालं की मला वाटतं तार तुटली." मग त्यानं बीचेकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

"मी येशू होणार?" बीचेनं विचारलं.

"होशील."

"मग जाऊ."

"ठीक," एदोआर्दो म्हणाला. "पण आदल्या संध्याकाळची इथली होळी बघितल्याशिवाय मी हलणार नाही. आणि जेवण झालं की पहिल्या बसनं खाली. मी आणि माझा आवाज दोघंही."

इत्रियानं तिथल्या तिथं वर फोन लावला. "एन्सा, मिळाले. फक्त येशू मुलगी आहे."

"मुलगी? येशूला वेण्या?"

"वेण्या नसलेला येशू जर्मनीत आहे. तिकीट काढ, नाहीतर टोपी विण."

पलीकडे खण ओढल्याचा आवाज आला. मग एन्सा म्हणाली, "लोकर निळी घेऊ की पांढरी?"

सणाच्या आदल्या संध्याकाळी बाल्लारोच्या चौकात मोडक्या फळ्या, खोकी, जुनी दारं, जे सापडेल ते रचून पेटवतात. एदोआर्दोनं इत्रियाच्या स्वयंपाकघरातली तीन पायांची खुर्ची मागितली, डोक्यावर धरून खाली नेली आणि गल्लीनं टाळ्या पिटल्या तेव्हा कुणा आमदारासारखा हात हलवला. इत्रिया वरून बघत होती. अशा माणसाला आपण उद्या त्या दगडांत नेऊन बसवणार, हे तिला बरं वाटत नव्हतं. पण शब्द दिलेला होता, दोन्हीकडून.

सकाळच्या बसनं चौघं वर गेली. इत्रिया थेट एन्साच्या स्वयंपाकघरात घुसली, पदर खोचावा तसा एप्रन खोचला आणि तळणीला लागली. तिघांना तिनं वाटेत देवळात सोडलं होतं. तिथं देवळाच्या म्हाताऱ्या राखणदारानं एदोआर्दोच्या हाती काठी दिली, नोएमीच्या डोक्यावर निळी शाल टाकली आणि बीचेच्या वेण्या टोपीत कोंबल्या. इत्रियानं जाताना सांगितलं होतं, "घंटा झाली की वर चढत या. ज्या दाराला तमालपत्राच्या डहाळ्या लावल्यात, ते ठोठावा." झालं. आणखी काय सांगायचं असतं?

एन्साच्या घरात टेबल भरलं होतं. ब्रेडचा चुरा भुरभुरलेला पास्ता, कारण जोसेफ सुतार, आणि चुरा म्हणजे त्याचा भुसा. तळलेल्या आर्टिचोकच्या बोंडांच्या राशी, चणे, रानटी शतावरीचं ऑम्लेट, बडीशेपेचे कोवळे गड्डे, संत्री, दाढीच्या आकाराचा पाव, काठीच्या आकाराचा पाव, मध्ये रिकोट्याच्या सारणाचे तळलेले गोड गोळे. चीज चालत नाही, पण गोडाला ते कुणी धरत नाही. गाव होतं तेवढं सगळं आत येऊन भिंतीला टेकून उभं होतं. बसचालक साव्हेरियोसुद्धा टोपी हातात घेऊन उभा. दार आतून लावलेलं. एन्सा अनवाणी, नवस असलेल्या बाईनं पायांत काही घालायचं नसतं, दाराकडे तोंड करून उभी होती. बाहेरून थाप पडल्याशिवाय ते दार उघडायचं नसतं.

त्या आधी मात्र संतांनी दोन दारं ठोठावायची असतात. दोन्ही दारं तमालपत्रानं सजवलेली, आणि दोन्ही दारं त्यांना हाकलतात. कोण आहे? येशू, जोसेफ, मारिया. जागा नाही, पुढं व्हा. दोनदा नकार, मग तिसऱ्या दारी टेबल. मोन्तेरूतात हे दुधाच्या दातांबरोबर कळतं. नकाराशिवाय ताट कसलं? नुसतं जेवण झालं ते.

घंटा झाली. सगळे कान देऊन उभे. थोड्या वेळानं मागच्या दारानं पहिल्या घरची म्हातारी व्हिचेन्सा आली. तिला कानांनी फारसं ऐकू येत नाही. "झालं माझं," ती ओरडून म्हणाली. "हाकलले!" आणि भिंतीला टेकली.

मग दुसऱ्या घरचा कालो आला. कालो म्हणजे गावचा जुना लोहार. आता लोखंड उरलं नाही, पण हातोड्यासारखं बोलणं उरलंय. तोंडभर हसत आला.

"इत्रिया, कुठून आणलास हा जोसेफ? नट आहे का? काय काम करतो माणूस!"

"का रे? काय झालं?"

"मी विचारलं, कोण आहे? तर हा म्हणतो, आम्ही, तोरिनोहून! मी म्हटलं, वा, नवीनच. जागा नाही म्हटलं. तर म्हणतो, अहो, आम्हाला इत्रियानं पाठवलंय. मग म्हटलं, मी का मागे राहू? म्हणालो, कोण इत्रिया? अशी इत्रिया-बित्रिया आम्हाला ठाऊक नाही. निघा, नाहीतर कुत्रं सोडतो!"

भिंतीला टेकलेलं सगळं गाव हसलं. कालोला चेव आला.

"आणि पुढं ऐका. त्यानं काठी आपटली! फेकलीच दगडावर. ही का तुमची माणुसकी, म्हणाला. आणि ते लेकरू, आहाहा, खरंखुरं रडलं. डोळ्यांत पाणी! मला पाहवेना, म्हणून दार लावून घेतलं."

हसणं चालू होतं. इत्रिया मात्र हसत नव्हती. तिच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला.

एन्सानं वळून पाहिलं. "इत्रिया. त्यांना दारांचं सांगितलं होतंस ना?"

"त्यात काय सांगायचं असतं?"

"काय सांगायचं! अगं, तोरिनोची माणसं ती!"

इत्रियानं झारा खाली ठेवला. चढ सांगितला, थंडी सांगितली, संडास कुठं आहे ते सांगितलं. आणि जी गोष्ट सांगायला हवी होती ती सांगायची असते हेच सुचलं नाही. दरवाजा ढकलून उघडतो की ओढून, हे कुणी पाहुण्याला सांगतं का? तसं.

"मी जाते," इत्रिया म्हणाली.

"दार उघडायचं नाही!" एन्सा ओरडली. "थाप पडली नाही अजून! आणि मागचं दार फक्त हाकलणाऱ्या दोघांचं!"

"खिडकी उघडू?"

नवसात खिडकीबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. साठी केव्हाच ओलांडलेली, अंगानं भरलेली इत्रिया स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेळ्यांच्या गोठ्यात उतरली, म्हणजे अर्धी उतरली आणि अर्धी पडली, आणि एप्रनसकट उतारावरून बसथांब्याकडे पळत सुटली.

तिघं बसमध्येच बसली होती. बस उभी, दार उघडं, चालक नाही. एदोआर्दो पुढच्या सीटवर, मिशा ताठ, हातात घड्याळ.

"या," तो म्हणाला. "या, बाई. इत्रिया-बित्रिया नावाच्या कुणी तुम्हीच का? की तुम्हालाही आम्ही ठाऊक नाही?"

"सिन्योर एदोआर्दो, माझं ऐका..."

"नको. मला नीट कळलंय. चाळीस जणांना रोज मी ट्राममध्ये घेतलं नाही. भरली होती म्हणून घेतलं नाही. पण कुत्रं सोडीन असं कधी म्हटलं नाही. आणि ही बस! हिची वेळ केव्हाच टळली. चालक कुठं उलथलाय?"

"टेबलाशी उभा आहे."

"कुठल्या टेबलाशी?"

"तुमच्या," इत्रिया म्हणाली आणि पायरीवरच बसली, कारण दम राहिला नव्हता. "तुम्ही जेवल्याशिवाय तोही जेवत नाही. तो जेवल्याशिवाय बस सुटत नाही. सगळं गाव भिंतीला टेकून उभं आहे आणि पास्ता चिकट होतोय. ती हाकलणारी दारं म्हणजे रीत आहे आमची. आधी दोघांनी हाकलायचं, मग तिसऱ्यानं उघडायचं. दरवर्षी. मी लहान असताना मला कुणी हे सांगितलं नाही, कारण सांगायला लागतच नाही. म्हणून मीही तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं. मूर्ख बाई मी."

नोएमीनं शाल डोक्यावरून काढली होती ती पुन्हा गुडघ्यावर घेतली. "म्हणजे तो माणूस खरं नव्हता बोलत?"

"कालो? तो मला पाळण्यात असल्यापासून ओळखतो. त्याला वाटलं तुमचे वडील झकास नट आहेत. आत सगळ्यांना सांगतोय."

एदोआर्दोची मिशी जरा हलली. "झकास म्हणाला?"

"काठी आपटलीत, त्याचं तर फारच कौतुक."

"आणि आम्ही आलोच नाही, तर?"

इत्रियानं त्याच्याकडे सरळ पाहिलं. या क्षणी एक थाप मारली असती तर काम झालं असतं. गाव रडेल, बहीण आंधळी होईल, असलं काही. ती म्हणाली, "काही होणार नाही. अन्न गार होईल. बहीण घाबरेल आणि मग रोज सुई दोरा घेऊन बसेल, डोळा गेला का बघायला. एवढंच. साव्हेरियोला मी बोलावून आणते, तो तुम्हाला खाली नेईल. सक्ती नाही."

मागच्या सीटवरून, टोपीखालून, बीचे म्हणाली, "ते सगळे खेळत होते?"

"हो गं राणी. खेळत होते."

"पण आम्हाला माहीत नव्हतं. कुणाला सांगितलंच नाही तर तो डाव धरायचा नसतो. रद्द असतो." तिनं नाक पुसलं. "पहिल्यापासून घ्यायचा."

एदोआर्दोनं नातीकडे पाहिलं. मग घड्याळ खिशात टाकलं आणि उठला. "बरोबर बोलली पोरगी. डाव रद्द. पण एक अट. त्या लोहाराला परत त्याच्या घरात धाडा. मला नीट हाकलून हवंय. आता मलाही ठाऊक आहे."

इत्रिया गोठ्यातून, खिडकीतून परत आत. बातमी दिली. व्हिचेन्साला दोघांनी कानात ओरडून सांगितलं, "परत हाकलायचंय!" "परत? का, चुकलं?" "फार छान झालं म्हणून!" म्हातारी खूश होऊन लगबगीनं गेली. कालो तर पळालाच.

मग खालच्या गल्लीतून जे ऐकू आलं, त्याला मोन्तेरूतात तोड नव्हती. पहिल्या दाराचं झालं. दुसऱ्या दाराशी एदोआर्दोच्या आवाजाची घंटा वाजली, "उघड! थंडीनं लेकरू काकडतंय!" आतून कालो, "लेकरू तुझं, थंडी देवाची, माझा काय संबंध?" "इत्रियानं पाठवलंय!" "मग तिच्याकडेच जा! ती म्हणजे सगळ्या पाहुण्यांना वाटेला लावणारी बाई!" "माणूस आहेस की लोखंड?" "लोखंड परवडलं, ते तापलं की वाकतं तरी!" एन्साच्या घरात भिंतीला टेकलेली माणसं पोट धरून हसत होती आणि एन्सा त्यांना शू शू करत होती, आणि स्वतः तिच्या डोळ्यांतून, नव्या आणि जुन्या दोन्ही, पाणी वाहत होतं.

मग पावलं वर आली. थांबली. तिसऱ्या दारावर एक छोटी थाप पडली, बीचेच्या उंचीवर.

"कोण आहे?" एन्सानं विचारलं.

"येशू, जोसेफ आणि मारिया," बीचे म्हणाली. दात नसल्यामुळे निम्मी अक्षरं हवेतच गेली. "आणि यावेळी आम्हाला माहीत आहे."

दार उघडलं.

संध्याकाळी बसथांब्यावर इत्रियानं एप्रनची घडी करून पिशवीत घातली. बहिणीला निरोप दिला. एन्सा दरवर्षीचं म्हणाली, "राहा ना आज." इत्रिया दरवर्षीचं म्हणाली, "नको. तुझी ती शांतता मला टोचते." दोघींनी एकमेकींचे गाल ओढले. विषय संपला.

नोएमी बॅग घेऊन आधीच बसमध्ये चढली होती. एकटी.

"बाकीचे?" इत्रियानं विचारलं.

"बीचेनं शेळीला नाव ठेवलंय, ती हलत नाही. पप्पा तर मुळीच नाही. आपली आणि लोहाराची चर्चा अर्धी राहिलीय म्हणतात."

"आणि तू? तुला झोप हवी होती. शांत ठिकाणी. मी तुला वर पाठवणार होते!"

"सिन्योरा, कसली शांतता?" नोएमी हसली, पहिल्यांदाच. "दुपारभर तीस जणींनी मला भरवलं. प्रत्येकीला माझं वजन, माझं लग्न, माझा नवरा कुठं गेला, सगळं विचारायचं होतं. इथं झाडसुद्धा तुमची चौकशी करतं. तुमच्या बाजारात एवढी गर्दी, पण मला कुणी ओळखत नाही. नीनोला ओरडू दे. मी झोपते."

इत्रिया तिच्याशेजारी धपकन बसली. म्हातारा शहरी नव्हता, बोलका होता. ही पोरगी डोंगरातली नव्हती, दमलेली होती. आपल्या न्याहारीच्या निकालावर वर्षानुवर्षं छाती फुगवली आणि एका दिवसात दोन निकाल उलटे. बाल्लारोचे दिवे दिसायला लागले तेव्हा तिनं एवढंच म्हटलं, "उद्यापासून एक प्रश्न वाढवायला हवा. तुम्हाला लोकांनी विचारलेलं आवडतं का?" शेजारी नोएमी तोंड उघडं टाकून झोपली होती. बाजारात उतरल्यावर तिला हलवून उठवावं लागलं.

चार दिवसांनी एन्साचा फोन आला.

"इत्रिया, तुझ्या त्या म्हाताऱ्याला घेऊन जा बाई! सकाळपासून चौकात तो आणि कालो ओरडत असतात. ट्राम चांगली की घोडा चांगला. रात्री बेरीज करतात कोण जिंकला त्याची. झोप नाही गावाला."

"तुझा डोळा कसा आहे?"

"डोळ्याला काय धाड भरलीय? आज बीचेच्या टोपीला गोंडा शिवला. पण त्याला ने!"

"संत जोसेफ तुला हवा होता ना?" इत्रिया म्हणाली. खाली नीनोनं तलवार-मासा काढला होता, म्हणून तिला फोनमध्ये ओरडावं लागलं. "मग आता सांभाळ!"